दोन रुपयांचा सिनेमा



गावात सामाईक काम काढायचं म्हटलं की पहिली अडचण पैशाची. बँकेला तारण हवं, सावकाराला व्याज हवं. तिसरी वाट वर्गणीची. सप्ताहाला, देवळाच्या कळसाला आपण ती सढळ हाताने देतो. धंद्याच्या कामाला मात्र हात आखडतो. अशी वर्गणी कशी जमते, ते दोन जुन्या हकिकतींतून बघू या.

पहिली आपल्याकडची. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडासाठी गावोगाव पायपीट केली. देशी कारखानदारीसाठी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, एवढंच मागणं. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे. लोकमान्य टिळकांनी फंड उचलून धरला आणि १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. पण हिशेब करून बघा. ६४ उंबरे चढावेत तेव्हा एक रुपया! देणाऱ्याला पैसा जड नव्हता, गोळा करणाऱ्याचे पाय मात्र झिजत.

दुसरी गुजरातची. खेडा जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांनी १९४६ साली आणंदला सहकारी संघ काढला. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष, पुढे डॉ. वर्गीस कुरियन व्यवस्थापक. हीच अमूल डेअरी. गावच्या सोसायटीत सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं, माप आणि फॅट बघायचं, पैसे घ्यायचे. या लोकांवर श्याम बेनेगल यांना 'मंथन' हा चित्रपट काढायचा होता. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, नायिका स्मिता पाटील. खर्च १० लाख. दूधवाल्यांच्या गोष्टीवर एवढी रक्कम कोण लावणार? कुरियन यांनी सभासदांनाच विचारायचं ठरवलं. प्रत्येकाने एका वेळच्या दुधाच्या पैशातले दोन रुपये सोडायचे. ५ लाख शेतकऱ्यांनी ते सोडले. झाले १० लाख!

इथं कुणाला दारोदार फिरावं लागलं नाही. प्रत्येकाचं खातं सोसायटीत होतंच. आणि मागणारी संस्था अनोळखी नव्हती. तीस वर्षांचा व्यवहार पाठीशी होता. माझ्या मते खरी मेख हीच. दोन रुपये मागायच्या आधी रोजच्या मापाचा विश्वास बसलेला होता.

तुमच्या सोसायटीला दूध गार करायची टाकी घ्यायची असेल, तर बिलातून रक्कम कापता येते. पण आधी सभा बोलवा, ठराव करा, सभासदाची सही घ्या, आणि कुणी नाही म्हटलं तर त्याचं दूध नाकारू नका. न विचारता कापलेल्या दोन रुपयांना वर्गणी म्हणत नाहीत!

'मंथन' १९७६ साली लागला. गुजरातेत खेड्यापाड्यांतली माणसं ट्रक भरभरून तो बघायला आली. पडद्यावर निर्माता म्हणून कुणा शेटजीचं नाव नव्हतं. गुजरातचे पाच लाख शेतकरी हा चित्रपट सादर करीत आहेत, असं तिथं लिहिलं होतं.