श्रमसुलभ यंत्ररचना

यंत्र, अवजार व कामाची जागा यांची रचना कामगाराच्या शरीराची मापे, स्नायूंची शक्ती व ज्ञानेंद्रियांच्या मर्यादा लक्षात घेऊन करण्याच्या पद्धतीला श्रमसुलभ यंत्ररचना म्हणता येईल. या पद्धतीमागील शास्त्राला अर्गोनॉमिक्स किंवा मानवी अभियांत्रिकी म्हणतात. माणसाने यंत्राशी जुळवून घ्यावयाचे की यंत्र माणसाला जुळेल असे घडवावयाचे, हा या शास्त्राच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय.

पूर्वेतिहास : हस्तव्यवसायाच्या काळात कारागीर आपले अवजार बहुधा स्वतः घडवी किंवा परिचयातील लोहार-सुताराकडून करवून घेई. त्यामुळे दांड्याची लांबी, मुठीची जाडी इ. गोष्टी वापरणाऱ्याच्या हाताशी मिळत्याजुळत्या असत. कारखानदारीत यंत्राचा आराखडा काढणारा, ते विकत घेणारा व ते चालविणारा या तीन वेगवेगळ्या व्यक्ती झाल्या आणि चालविणाऱ्याच्या सोयीचा विचार मागे पडला. तथापि कामाच्या पद्धतीमुळे शरीर झिजते, ही जाणीव यंत्रयुगापूर्वीचीच आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामाझ्झीनी (१६३३–१७१४) यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामगारांच्या रोगांविषयीच्या ग्रंथात अवघडलेली बैठक, सतत उभे राहणे व एकाच प्रकारच्या हालचाली ही अनेक विकारांची कारणे म्हणून नोंदविली आहेत. पोलिश निसर्गवैज्ञानिक व्होयचेख यास्त्शेंबोव्हस्की (१७९९–१८८२) यांनी १८५७ मध्ये ‘काम’ व ‘नियम’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून अर्गोनॉमिक्स ही संज्ञा बनविली. परंतु त्यांचे लेखन दीर्घकाळ अज्ञातच राहिले.

श्रमाचे मापन : अमेरिकन अभियंते फ्रेडरिक विन्स्लो टेलर (१८५६–१९१५) यांनी १८९८ नंतर बेथलीहॅम येथील पोलाद कारखान्यात फावड्याच्या कामाचा अभ्यास केला. एका फावड्यात सु. ९·५ किग्रॅ. (२१ पौंड) माल असताना दिवसभराचे काम सर्वाधिक होते, असे त्यांना आढळले. तेव्हा जड खनिजासाठी लहान व हलक्या कोळशासाठी मोठी फावडी पुरविण्यात आली. टेलर यांनी दिलेल्या आकड्यांनुसार दरडोई रोजचे काम १६ टनांवरून ५९ टनांवर गेले आणि मजुरी १·१५ डॉलरवरून १·८८ डॉलर झाली. म्हणजे काम साडेतीन पटींहून अधिक वाढले, तर मजुरी सु. ६३ टक्क्यांनीच वाढली. अवजार सुधारले, पण सुधारणेचे माप उत्पादन हेच होते. फ्रँक गिलब्रेथ (१८६८–१९२४) व त्यांच्या पत्नी लिलियन (१८७८–१९७२) यांनी मात्र थकवा हाच अभ्यासविषय मानला. विटा गवंड्याच्या कमरेइतक्या उंचीवर ठेवता येतील अशी वरखाली होणारी परांची फ्रँक यांनी योजिली, त्यामुळे प्रत्येक विटेसाठी वाकण्याचे कारण उरले नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाचे तास अतिशय वाढविण्यात आले. ते कमी केल्यास उत्पादन घटतेच असे नाही, हे तेथील पाहणीत दिसून आले. यातूनच १९१८ मध्ये औद्योगिक थकव्याच्या संशोधनासाठी तेथे एक शासकीय मंडळ नेमण्यात आले.

दोष कोणाचा : दुसऱ्या महायुद्धाने या विचाराला निर्णायक वळण दिले. अमेरिकेच्या बी-१७ या बाँबफेकी विमानात चाके व पंखांवरील झडपा यांचे नियंत्रक खटके एकसारखे व शेजारीशेजारी होते. विमान उतरल्यावर वैमानिक झडपांऐवजी चाके मिटून घेत व विमान धावपट्टीवर आपटे. हा वैमानिकाचा दोष मानला जाई. मानसशास्त्रज्ञ ॲल्फॉन्स चॅपॅनिस (१९१७–२००२) यांनी तो रचनेचा दोष असल्याचे दाखविले. एका खटक्याला चाकाचा व दुसऱ्याला पाचरीचा आकार देताच हाताला फरक कळू लागला. पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनी १९४७ मध्ये वैमानिकांच्या ४६० चुकांचे विश्लेषण करून हाच निष्कर्ष व्यापक केला.

१९४९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ के. एफ. एच. मरेल (१९०८–८४) यांनी अर्गोनॉमिक्स ही संज्ञा स्वतंत्रपणे सुचविली आणि त्या विषयाची संस्था ब्रिटनमध्ये स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय संघटना १९५९ मध्ये अस्तित्वात आली. कारखान्यांतील स्थिती मात्र सावकाश बदलली. इंग्लंडमध्ये क्रॅनफील्ड येथील अभ्यासकांनी वापरातील एका लेथचे नियंत्रक मोजून, ते सहज हाताळू शकेल असा माणूस कसा असावा लागेल याचे गणित मांडले. त्याची उंची सु. १·३५ मी., खांद्यांची रुंदी सु. ०·६ मी. आणि पसरलेल्या हातांचा विस्तार सु. २·४ मी. निघाला. असा माणूस अर्थातच जगात नाही. त्याच्या वाट्याचे वाकणे व ताणणे खऱ्या कामगाराला करावे लागते.

कंपनाचे उदाहरण : यंत्ररचना बदलल्याने विकार कसा हटतो, याचे स्पष्ट उदाहरण साखळी-करवतीचे आहे. कंपन पावणारे यंत्र सतत धरल्याने बोटांतील रक्तप्रवाह मंदावतो, बोटे पांढरी पडतात व बधिर होतात. ॲलिस हॅमिल्टन (१८६९–१९७०) यांनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातील पाथरवटांच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांच्या संदर्भात हा विकार वर्णिला होता. जंगलतोडीत साखळी-करवती आल्यावर तो लाकूडतोड्यांतही पसरला. १९६० नंतर मूठ व एंजिन यांच्यामध्ये रबराचे कंपनशोषक बसविण्यात येऊ लागले. फिनलंडमधील सुओमुस्साल्मी भागात १९७२ मध्ये सु. ४० टक्के लाकूडतोड्यांत आढळणारा हा विकार १९९० मध्ये सु. ५ टक्क्यांवर आला.

भारतातील स्थिती : कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये इजा होईल इतके ओझे उचलावयास लावण्यास मनाई व उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय या तरतुदी करण्यात आल्या. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक शरीरक्रियाविज्ञानाचा अभ्यास सुरू झाला. येथील एक मोठी अडचण अशी होती की, बरीचशी यंत्रे परदेशी आराखड्यांवर बनलेली असल्याने त्यांची मापेही परदेशी शरीराची होती. भारतीयांच्या शरीरमापांचा संग्रह अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. शेती, बांधकाम, यंत्रमाग यांसारख्या असंघटित क्षेत्रांत मात्र कामगाराला मिळेल त्याच अवजारावर काम भागवावे लागते.

यांत्रिकीकरणामुळे जड ओझी उचलण्याचे श्रम पुष्कळ कमी झाले. त्यांची जागा जलद व पुनरावृत्त होणाऱ्या लहान हालचालींनी घेतली आणि मनगट, मान व पाठ यांचे विकार पुढे आले. यंत्र सुसह्य झाल्याबरोबर त्याची गती वाढविली, तर वाचलेले श्रम कामगाराच्या पदरात पडत नाहीत. म्हणून रचनेइतकाच कामाचा वेग व विश्रांती यांचा विचारही या शास्त्राच्या कक्षेत येतो.