सांगलीची सीता, सांगलीची देवयानी

५ नोव्हेंबर १८४३ ही तारीख आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून लक्षात ठेवतो. त्या दिवशी सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले. पदे सूत्रधार गाई. सीतेचे सोंग पुरुषाने घेतलेले असे. सीता रंगभूमीवर आली, तिचा सूर मात्र दुसऱ्याचा होता.

याच सांगलीत १८९८ साली वि. स. खांडेकरांचा जन्म झाला. त्यांची ‘ययाति’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. (तेव्हा या जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा होते, ‘सांगली’ हे नाव १९६० चे.) मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वातली. जलक्रीडेनंतर वस्त्रांची अदलाबदल होते, भांडण पेटते, शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते. पुढे शुक्राचार्य रुसून गेले तर असुरांचा आधार तुटेल, म्हणून ही राजकन्या देवयानीची दासी होते. कुळासाठी एक मुलगी आपले स्वातंत्र्य देते, आणि कथा तिथे फार न थांबता ययातीच्या यौवनाकडे वळते.

खांडेकर थांबले. ययातीबरोबर देवयानी आणि शर्मिष्ठा यांनाही त्यांनी ‘मी’ म्हणून बोलू दिले. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ यायला अजून आठ वर्षे होती, हे ध्यानात घ्या.

तरीही माझी एक तक्रार आहे. शर्मिष्ठेच्या सोशिकतेला कादंबरी माया देते, देवयानीच्या संतापाला देत नाही. देवयानी बोलते, पण तिचे बोलणे बहुधा तिच्याच विरुद्धची साक्ष ठरते. फसवणूक तर तिची झाली होती! मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या या कादंबरीचे नावही अखेर ययातीचेच.

मग स्त्रीची बाजू स्त्रीने कुठे सांगितली? जात्यावर. भल्या पहाटे दळण दळताना बायकांनी ओव्यांतून वेगळेच रामायण रचले. त्यात कैकेयी ही सासुरवास करणारी सासू आहे. ती सीतेला रावणाचे चित्र काढायला सांगते. आपण केवळ त्याच्या पायाचा अंगठा पाहिला, असे म्हणून सीता तेवढाच रेखाटते. उरलेला रावण कैकेयी पूर्ण करते आणि रामाला दाखवते. वाल्मीकींच्या काव्यात लोकापवादामुळे वनवास घडतो. इथे त्याचे कारण घरातच सापडते. गाणाऱ्या बाईला ते घर चांगले ठाऊक होते.

या मौखिक परंपरेचा आयुष्यभर अभ्यास केला तो सांगलीच्याच डॉ. तारा भवाळकर यांनी. त्यांच्या ‘सीतायन’मध्ये ही लोकगीतांतली सीता भेटते. २०२५ साली दिल्लीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या.

पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली. तुमची आजी किंवा पणजी कृष्णाकाठची असेल, तर तिला त्या अंगठ्याच्या चित्राची गोष्ट जरूर विचारा. तिने सांगितलेली आवृत्ती या धाग्याखाली लिहा.