मागच्या खोलीतला मंगळ

स्वेटर घाला. पातळ नको, जाड घ्या. कानटोपीही बरोबर असू द्या. आपल्याला जायचंय मंगळावर, पण वाट २००४ सालच्या जानेवारीतून जाते आणि त्या वाटेवर इंग्लंडचा हिवाळा लागतो.

आधी घटकाभर कॅलिफोर्नियात थांबू. पॅसाडेना शहर, शनिवारची रात्र. प्लॅनेटरी सोसायटीनं भरवलेल्या मेळाव्यात तुम्ही उभे आहात आणि पुढे सरकायला तसूभर जागा नाही. डावीकडच्या गृहस्थांच्या खांद्यावर पोर बसलंय, त्याचा बूट अधूनमधून तुमच्या कानाला लागतो. कोटांची ऊब, सांडलेल्या कॉफीचा वास, कुजबुजीचा गलका. समोरच्या पडद्यावर जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचा, म्हणजे जेपीएलचा नियंत्रणकक्ष दिसतोय. स्पिरिट नावाचा रोव्हर या क्षणी हवा भरलेल्या पिशव्यांत गुरफटून मंगळाच्या जमिनीवर चेंडूसारखा उसळ्या घेतोय. त्याचा संदेश येत होता, तो तुटला. पडद्यावरची माणसं गप्प. सभागृह गप्प. खांद्यावरचं पोरही गप्प. जवळजवळ पाव तास असाच जातो. शेजारच्या अनोळखी बाईंनी तुमचं मनगट कधी घट्ट धरलं, ते त्यांनाही कळलेलं नाही. मग संदेश पुन्हा लागतो, आणि जो आवाज उठतो तो थेट तुमच्या छातीत वाजतो.

तीनेक तासांनी पहिली चित्रं येतात. करडी. सपाट मैदान, विखुरलेले धोंडे, लांबवर टेकड्या. सगळ्यांच्या माना वर. तुम्ही मात्र आता इथून हळूच निसटा. मोहिमेच्या मंडळींनी एक मोठ्या मनाची गोष्ट ठरवली आहे: रोव्हरनं धाडलेली छायाचित्रं, जशी येतील तशी, लगोलग इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवायची. शास्त्रज्ञ वाचतील तेच पत्र तुम्हीही वाचायचं, तेही घरी बसून. आपलं काम त्या पत्रांशी आहे. चला.

पोचलात. अंधार आहे, डोकं सांभाळा, छत उतरतं आहे. हे लेस्टर शहर. एकमेकींना खेटून उभी लाल विटांची घरं, आणि त्यांतल्या एका घराची वरची मागची खोली तुम्ही भाड्यानं घेतली आहे. काचेला आतून पाणी सुटलंय. पायाशी छोटा विजेचा हीटर: नडग्या भाजतात, पाठ गारच राहते. टेबलावर बोजड, खोल पोटाचा मॉनिटर. हात जवळ न्या, काचेवरची वीज केसांना ओढते. तापलेल्या धुळीचा वास येतोय ना? हा वास पुढचे कित्येक महिने तुमच्या मंगळाचा वास असणार आहे.

आता मोडेम लावा. किर्र, टिंग, खर्रर्र. खाली जिन्याजवळ मालकीणबाईंचा फोन मुका झाला. घरात एकच लाइन आहे, आणि वेल्समधली त्यांची धाकटी बहीण संध्याकाळी फोन करते. त्यामुळे करार असा: बहिणीचा फोन येऊन गेला, की मग तुमचा मंगळ.

या शहराला मंगळाचं ताजं दुःख आहे, हेही ध्यानात ठेवा. ख्रिसमसच्या दिवशी बीगल-२ हे ब्रिटिश यान तिथं उतरायचं होतं. त्याचा नियंत्रणकक्ष इथल्याच नॅशनल स्पेस सेंटरमध्ये. त्याचा अजून एक शब्द आलेला नाही. म्हणून मालकीणबाई चहाचा कप ठेवताना दबक्या आवाजात विचारतात, "हा तरी बोलतोय ना?"

बोलतोय. नावांची लांबलचक यादी उघडली आहे. पहिल्यांदा गोंधळायला होतं, पण आठवड्याभरात ती नावं तुम्हाला रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वाचता येतील. पहिला अंक २ असेल तर स्पिरिट. पुढे पी असेल तर पॅनकॅम, म्हणजे खांबावरचा मुख्य कॅमेरा. एन असेल तर वाट शोधणारा. मग नऊ आकडे: २००० सालच्या पहिल्या दिवसाच्या दुपारपासून उलटलेले सेकंद. शेवटाकडे एल किंवा आर, डावा डोळा की उजवा, आणि त्याला चिकटून फिल्टरचा आकडा. त्या एका ओळीत कोण, केव्हा, कुठल्या डोळ्यानं, कुठल्या काचेतून, सगळं आलं.

एकीवर टिचकी मारा आणि थांबा. चित्र वरून खाली, पट्टी-पट्टीनं उतरतं. आधी आकाशाची कोरी पट्टी. मग टेकडीची कड. मग एक दगड, त्याची सावली. घाई करून उपयोग नाही. दळण पडावं तसं ते पडतं. आणि मध्येच लक्षात येतं की हा दगड आजवर कुणी पाहिलेला नव्हता. पॅसाडेनातल्या ज्यांनी तो पाहायचा, त्यांच्यातले निम्मे आत्ता पाळी संपवून झोपलेले असतील. तो पहिल्यांदा पाहणाऱ्या मूठभरांत तुम्ही आहात. हीटरची तार लाल होते, चहावर साय धरते, तुम्ही हलत नाही.

पण हे सगळं करडं का? मालकीणबाईंचा हा प्रश्न रास्त आहे. पॅनकॅमला रंग दिसतच नाहीत. त्याच्यापुढे फिल्टरांचं चाक फिरतं आणि प्रत्येक फिल्टरमधून तो एकेक करडं चित्र काढतो. रंग नंतर जुळवायचा. म्हणून उठा, तीन फाइली घ्या: चार, पाच आणि सहा नंबरच्या फिल्टरच्या. पहिली लाल खणात टाका, दुसरी हिरव्या, तिसरी निळ्या. आता तिन्ही खण एकत्र उघडा.

बघा! जमीन तांबूस झाली. आभाळ पिवळट, दुधात गूळ विरघळल्यासारखं. तुमच्या तोंडून आवाज निघतो आणि खालून मालकीणबाई विचारतात, "काय सांडलं?"

हा आनंद दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी जमीन हिरवट येते, चौथ्या दिवशी जांभळट. चूक तुमची नाही. इंटरनेटवर टाकताना प्रत्येक चित्राचा उजेड-अंधार आपोआप ताणला जातो, त्यामुळे तिघांमधलं खरं प्रमाण हरवतं. मग पाहायचं रोव्हरच्या पाठीवरच्या सूर्यघडीकडे. तळहातावर मावेल एवढी ती चकती, चार कोपऱ्यांत चार रंग: लाल, पिवळा, हिरवा, निळा. हे रंग पृथ्वीवर मोजून पाठवले आहेत. ते इथल्यासारखे दिसेपर्यंत खणांचे काटे सरकवत राहायचे. तंबोरा लावण्यासारखंच आहे हे. खुंटी जरा जास्त पिळली की सगळं बिघडतं.

आणि नेमका याच सूर्यघडीचा निळा कोपरा एके दिवशी गुलाबी निघतो! देशोदेशीच्या मागच्या खोल्यांत एकच खळबळ. रंग लपवले जातायत, असा ओरडाही काही जण करतात. तुम्ही ओरडू नका. फाइलींच्या शेवटचे आकडे वाचा. लालच्या जागी चार नंबर नाही, दोन नंबरचा फिल्टर वापरलाय. तो लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपतो. खडकांची जात ओळखायला तो शास्त्रज्ञांना फार उपयोगी. त्या कोपऱ्याचा निळा रंग नेमका अवरक्त प्रकाशात झगझगतो, म्हणून लाल खण भरून वाहतो आणि निळ्याचा गुलाबी होतो. कोडं सुटलं. रात्रीचे तीन वाजलेत आणि तुम्हाला कुणाला तरी उठवून हे सांगायचंय.

हो, रात्रीचे तीन. तुमच्या दिवसाचं आता काही खरं नाही. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. रोव्हरची सकाळ आपल्या घड्याळात रोज चाळीसेक मिनिटं पुढे सरकते. ताजी चित्रं आज संध्याकाळी आली, तर दोन आठवड्यांनी पहाटे येणार. जेपीएलची माणसं त्याच तालावर जगतायत, आणि त्यांच्या मागोमाग तुम्हीही. डोळे चुरचुरतात. सकाळी कामावर जाताना बसमध्ये ओल्या कोटांचा वास, धुरकटलेल्या काचा, कोपर खुपसणारी गर्दी. बेलग्रेव्ह रोडवर गुजराती मिठाईच्या दुकानात तळण पडलेलं असतं. तो वास बसमध्ये शिरतो आणि घराची आठवण काढून जातो. दोन गाठी घ्या, दोन जिलब्या घ्या. रात्री लागतील.

मग एक दिवस यादी वाढायची थांबते. मोहिमेचा अठरावा मंगळदिवस. स्पिरिट गप्प झालाय. पान पुन्हा उघडता, पुन्हा उघडता; तीच जुनी नावं. मालकीणबाई जिन्यातूनच विचारतात, "बोलला का?" तुम्ही मान हलवता. त्या दिवशी त्या चहाबरोबर बिस्किटांचा अख्खा डबा ठेवून जातात, दुखवट्याच्या घरी काही तरी नेऊन द्यावं तसा. स्पिरिटच्या स्मृतीतल्या फाइलींचा गुंता झालाय. तो सोडवता येण्याजोगा आहे, हे कळायला काही दिवस जातात.

तेवढ्यात जुळा भाऊ पोचतो. ऑपॉर्च्युनिटी. लेस्टरमध्ये सकाळी, काचेवर बर्फाची नक्षी असताना, त्याची चित्रं उतरू लागतात आणि तुमचा हात उंदरावरच थिजतो. ना धोंडे, ना मैदान. तो घरंगळत थेट एका खळग्यात जाऊन बसलाय, जेमतेम २२ मीटर रुंद. माती काळसर, बारीक. आणि समोरच्या उतारावर फिकट खडकाचा थर, घराच्या जोत्यासारखा उघडा पडलेला. मातीत पिशव्या दाबल्या गेल्या तिथं त्यांच्या शिवणीसुद्धा उमटल्या आहेत. या जमिनीवर उठलेले हे पहिले ठसे, आणि ते कुणाच्या तरी टाक्यांचे.

पुढे त्याचा सूक्ष्मदर्शी कॅमेरा जमिनीला नाक लावतो. एका चित्रात काडेपेटीहूनही लहान तुकडा मावतो, ३१ मिलिमीटरचा. आणि त्या तुकड्यात गोळ्याच गोळ्या, मोहरीपासून वाटाण्याएवढ्या, गोल गरगरीत. शास्त्रज्ञ त्यांना 'ब्लूबेरी' म्हणू लागले आहेत. त्या हेमॅटाइटनं भरलेल्या आहेत, खडकात मुरलेल्या पाण्यातून तयार झालेल्या, हे पुढे सिद्ध होईल. आज तुम्ही नुसते मोजत बसता.

एका रविवारी मालकीणबाईंना वर बोलवा. पुठ्ठ्याचा चश्मा द्या त्यांना, एक काच लाल, एक निळसर. रोव्हरच्या डाव्या डोळ्याचं चित्र लाल खणात, उजव्याचं बाकीच्या दोन खणांत, असं तुम्ही जुळवून ठेवलंय. आपल्या डोळ्यांमध्ये साडेसहा सेंटिमीटरचं अंतर, रोव्हरच्या डोळ्यांमध्ये ३०. त्यामुळे खोली आपल्याला दिसते त्याहून जास्तच दिसते. बाई खुर्चीत बसतात, कानामागे पुठ्ठा अडकवतात, एक क्षण काहीच नाही. मग त्यांचा हात आपसूक पुढे जातो, समोरचा दगड बाजूला सारायला. बोटं काचेवर आपटतात. त्या हसत नाहीत. "इथं कुणी झाडलंच नाही कधी," म्हणतात, आणि आणखी जवळ सरकतात.

तुमच्यासारखे कितीतरी जण अशाच खोल्यांत जागे आहेत. कुणी शिक्षक, कुणी निवृत्त, कुणी दिवसा दुसऱ्याच कसल्या चित्रांवर पोट भरणारे. यांच्यातलाच एक इंग्रज, डग एलिसन, पुढे जेपीएलमध्येच नोकरीला लागेल आणि रोव्हरच्या कॅमेऱ्यांचं काम बघेल. पण आज कुणालाच काही मिळवायचं नाहीये. चित्रांच्या कडा जुळवायच्या, आकाशातले सांधे पुसायचे, आणि जिथं जाता येत नाही तिथं उभं राहून चहूकडे पाहायचं. पाच चित्रं जोडलीत की खिडकी होते. शंभर जोडलीत की अंगण.

आता स्वेटर काढा. शेवटचा टप्पा: पुढल्या वर्षीचा मे महिना. खिडकी उघडी आहे. कुणाच्या तरी परसातून कापलेल्या गवताचा ओला वास येतोय. रात्रीचे नऊ होत आले तरी उजेड आहे. स्पिरिटला ९० मंगळदिवसांची बेगमी देऊन धाडलं होतं. त्यानं ४८९ व्या दिवशी, काम संपल्यावर, पश्चिमेकडे तोंड करून काही चित्रं काढली आहेत. तुम्ही करार मोडून मोडेम लावला आहे. मालकीणबाईंना ठाऊक आहे. त्या पलंगाच्या कडेवर येऊन बसल्या आहेत.

पट्टी-पट्टीनं चित्र उतरतं. गुसेव्ह विवराची लांबवरची कड, काळी. तिच्यावर टेकलेला पांढरा ठिपका, आपल्या सूर्याच्या दोन तृतीयांशाएवढा. एक करडं. दुसरं करडं. तिसरं करडं. खण भरा. जुळवा.

सूर्याभोवती निळं आहे. तिथली बारीक धूळ निळ्या उजेडाला समोरच्या दिशेनं पुढे धाडते, म्हणून मावळत्या सूर्याला हे वलय. दिवसभर गुळाच्या रंगाचं असलेलं आभाळ सूर्यापाशी निळं पडत गेलंय, आणि इथं खिडकीबाहेर लेस्टरचं निळं आभाळ विटांवर तांबूस होत चाललंय. तुम्ही दोघं बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहता.

मग तुम्ही मोडेम बंद करता. क्षणाचाही अवकाश नाही, खाली फोन खणखणतो. मालकीणबाई गुडघ्यांवर हात टेकून उठतात आणि सावकाश जिना उतरतात. वेल्सच्या बहिणीचा चढलेला आवाज वरपर्यंत पोचतो: तासभर फोन एंगेज का होता म्हणून.

"अगं," मालकीणबाई म्हणतात, "मंगळावर दिवस मावळत होता. तो बघत होते."