हॅट लहान होत गेली तेव्हा

गटाच्या बैठकीत गुडघे-कंबर दुखण्याचा विषय निघाला की आम्ही सगळ्या एकच म्हणतो, "वय झालं आता." त्यावरूनच आज विलायतेतल्या एका आजाराचा इतिहास सांगतो.

१८५६ साली लंडनचे नामवंत सर्जन जेम्स पॅजेट यांच्याकडे पन्नाशीकडे झुकलेला एक गृहस्थ आला. मांड्या आणि पाय ठणकत होते. पुढे नडगी जाड होऊन वाकली, पाठीत बाक आला, उंची सुमारे ४ इंचांनी घटली. डोकंही वाढत गेलं, हॅट पुन्हा पुन्हा मोठी घ्यावी लागे. शेवटी तिचं माप २७ इंचांच्या पुढे गेलं. बुद्धी मात्र अखेरपर्यंत शाबूत होती. पॅजेट यांनी हे सगळं २० वर्षं टिपून ठेवलं. एक्स-रे तेव्हा नव्हता, तो १८९५ चा. १८७६ मध्ये तो गृहस्थ हाताच्या हाडाच्या कॅन्सरने गेला. त्याच वर्षी पॅजेट यांनी हा आजार डॉक्टरांच्या सभेत मांडला. आज त्याला 'पॅजेटचा आजार' म्हणतात.

पॅजेट यांना तो हाडाचा दाह वाटला. खरं कारण नंतर उलगडलं. आपलं हाड जन्मभर दुरुस्त होत असतं. काही पेशी जुनं हाड पोखरतात, काही नवं भरतात. या आजारात पोखरणाऱ्या पेशी बेफाम होतात, मग भरणाऱ्या घाईघाईने कसंबसं भरतात. गवंड्याने घाईत रचलेल्या भिंतीसारखंच, दिसायला जाड, पण आतून कच्चं. म्हणून ते वाकतं, कधी मोडतं.

इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गावांत हा आजार फार आढळला. आपल्याकडे तो विरळा, तेव्हा पाय दुखला की हाच, असं कुणी घाबरून घेऊ नका. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडं मऊ पडणं, उतारवयात ती ठिसूळ होणं, हेच जास्त. पण नडगी वाकू लागली, जुनं लुगडं टाचेखाली लोळू लागलं, तर ते नुसतं वय नसतं. एक्स-रे आणि रक्ततपासणीने बरंच कळतं. पॅजेटच्या आजारावरही आता हाड पोखरणं आवरणारी औषधं आहेत.

त्या गृहस्थाचं नाव पॅजेट यांनी छापलं नाही. हॅटचं माप मात्र छापलं, आणि आम्हाला ते वाचून आमच्या गटाची वही आठवली.