चिपसेट : एका शब्दाचा व एका निवडीचा इतिहास

नाव तेच राहावे आणि त्या नावाखालची वस्तू मात्र पालटून जावी, असे भाषेच्या इतिहासात वारंवार घडते. ‘तेल’ हा शब्द मुळात तिळाच्या स्नेहाचा वाचक. पुढे तो करडईला लागला, सरकीला लागला आणि अखेर खनिज तेलासही लागला. संगणकाच्या मदरबोर्डावरील ‘चिपसेट’ ह्या शब्दाची कथा अशीच, पण उलट दिशेची आहे. येथे अर्थाचा विस्तार झाला नसून संकोच झाला आहे. हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा असता, तर त्याची चर्चा कोशकारांवर सोपवून भागले असते. परंतु उच्च प्रतीचे खेळ खेळता यावेत म्हणून अमरावती-अकोल्याकडील एखादा विद्यार्थी घरच्यांकडून लाख-दीड लाख रुपये घेऊन सुटे भाग जुळवू लागतो, तेव्हा ‘चिपसेट जितका वरचा, तितका संगणक वेगवान’ ही समजूत त्याच्या निवडीमागे पुष्कळदा असते. ती एके काळी खरी होती. ती केव्हा व का खोटी ठरली, हे इतिहासावाचून उलगडत नाही.

१

१९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यात चिपसेट असा नव्हताच. इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर आणि त्याच्या भोवती स्मृतीशी थेट देवघेव करणारी, कालमापन करणारी, व्यत्ययसूचना स्वीकारणारी अशी अनेक स्वतंत्र चिपांची मांडणी होती. हे विखुरलेले काम थोड्या चिपांत एकवटण्याचा व्यवहार्य मार्ग कॅलिफोर्नियातील चिप्स अँड टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीने १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास काढला. डझनावारी चिपांच्या जागी चार-पाच चिपांचा ‘संच’ आला. ‘सेट’ हा अनेकत्वदर्शक शब्द ह्या अर्थी यथार्थ होता. ह्या संचामुळेच लहान कारखान्यांनाही आयबीएमसारखा संगणक बनविणे शक्य झाले, आणि आपल्याकडे ‘असेंबल्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगणकाचा मार्ग मोकळा झाला.

चिपसेटचे कार्य वऱ्हाडच्या वाचकास रेल्वेच्या दाखल्याने सहज समजेल. १८६७ साली नागपूरला पोहोचलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या रुंद मार्गावर अकोला, मूर्तिजापूर व बडनेरा ही स्थानके आहेत. विसाव्या शतकात अकोल्यास मीटरगेज मार्ग आणि मूर्तिजापुरास अचलपूर-यवतमाळचा अरुंद मार्ग ह्या मोठ्या मार्गाला येऊन मिळत असे. रुळांची रुंदी निराळी, गाड्यांची गती निराळी. म्हणून माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. किती माल किती वेळात पुढे जाईल, हे इंजिनाच्या बळापेक्षा जंक्शनच्या व्यवस्थेवर अवलंबून राही. चिपसेट हे संगणकातील असेच जंक्शन होते. प्रोसेसर, स्मृती, चित्रकार्ड व डिस्क ह्यांच्या गती परस्परांहून भिन्न, आणि त्यांच्यातील सारी वाहतूक त्याच्याच हाती. त्याचे ‘नॉर्थब्रिज’ व ‘साउथब्रिज’ असे दोन भाग पडले. पहिला स्मृती व चित्रकार्ड ह्या वेगवान घटकांचा, दुसरा डिस्क, कळफलक इत्यादी संथ घटकांचा.

२

ह्या जंक्शनचे माहात्म्य शिगेला पोहोचले ते १९९८ ते २००३ ह्या काळात. एप्रिल १९९८ मध्ये इंटेलचा ४४० बीएक्स हा चिपसेट आला. तो बसची गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेऊ शकत असे. त्याच वर्षी आलेला सेलेरॉन ३०० ए हा स्वस्त प्रोसेसर बसच्या साडेचार पट गतीने चालण्यास बांधलेला होता. म्हणजे ६६ वर तो ३०० मेगाहर्ट्झचा, परंतु बीएक्स बोर्डावर बस १०० वर नेली की ४५० मेगाहर्ट्झचा होई. पुष्कळ सेलेरॉन हा ताण सहज सोसत. योग्य चिपसेट निवडणाऱ्याला त्याच पैशात दीडपट गती मिळे. ‘वरचा चिपसेट घ्यावा’ ह्या समजुतीचे मूळ येथे आहे, आणि त्या काळापुरते ते भक्कम होते.

उलट दाखलाही त्याच काळातला आहे. इंटेलचा ८२० हा पुढचा चिपसेट रॅम्बस ह्या महाग स्मृतीसाठी रचलेला होता. साधी स्मृती वापरता यावी म्हणून त्याला एका दुभाषी चिपची जोड दिली गेली. तिच्यात दोष निघाल्याने २००० साली तसे बोर्ड परत घ्यावे लागले. तैवानच्या व्हिया कंपनीच्या चिपसेटांना ह्या सुमारास मोठी मागणी आली. प्रोसेसर तोच असूनही चिपसेट चुकला तर संगणक फसे, असा हा काळ होता.

वऱ्हाडात घरगुती संगणकाचा प्रसार झाला तोही ह्याच काळाच्या आगेमागे. अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. बडनेरा व शेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयेही त्याच वर्षीची. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला, आणि संगणक तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. सुटे भाग जुळविण्याची विद्या ज्या पिढीने ह्या काळात आत्मसात केली, तिच्याकडून चिपसेटविषयीचा आदरही पुढील पिढीस वारशाने मिळाला असल्यास नवल नाही.

३

तथापि जंक्शनचे काम एकेक करून इंजिनातच हलविले जात होते. सप्टेंबर २००३ मध्ये एएमडीने अॅथलॉन ६४ ह्या प्रोसेसरात स्मृतीचे नियंत्रण प्रोसेसरच्या आत नेले. इंटेलने तेच नोव्हेंबर २००८ मध्ये कोअर आय ७ च्या द्वारे केले. सप्टेंबर २००९ मध्ये पी ५५ चिपसेटबरोबर चित्रकार्डाचा मार्गही प्रोसेसरमध्ये गेला, आणि नॉर्थब्रिज नाहीसा झाला. उरली ती एकच चिप. ‘संच’ हे नाव मात्र टिकले. एएमडीच्या आधुनिक प्रोसेसरांचे तर चिपसेटवाचूनही चालू शकते. २०१९ साली आलेला अॅसरॉकचा डेस्कमिनी ए ३०० हा छोटा संगणक तसाच होता.

रेल्वेचा दाखला पुढे चालवायचा, तर आज चिपसेट हे जंक्शन उरलेले नाही. बडनेऱ्याहून अमरावतीस जाणाऱ्या फाट्यासारखे त्याचे स्थान झाले आहे. चित्रकार्ड, स्मृती व पहिली वेगवान डिस्क मुख्य मार्गावर, थेट प्रोसेसरशी जोडलेली असतात. खेळातील चित्रांची गती ह्या तिघांवर व प्रोसेसरवर ठरते. फाट्यावर किती फलाट आहेत, म्हणजे आणखी किती डिस्का व यूएसबीची उपकरणे जोडता येतील, एवढेच चिपसेट मुख्यतः ठरवितो. एएमडीचे २०२२ मधील बी ६५० व एक्स ६७० हे चिपसेट ह्याचे बोलके उदाहरण आहे. दुसऱ्यात पहिल्याचीच चिप दोनदा बसविलेली आहे. फलाट वाढले, गाडीचा वेग वाढला नाही.

४

कार्य संपल्यावर चिपसेटला दुसरे एक महत्त्व प्राप्त झाले. तो सामर्थ्याचे साधन न राहता परवानगीचा दाखला बनला. जानेवारी २०११ पासून इंटेलच्या प्रोसेसरांची गती वाढविणे ‘के’ अक्षराच्या प्रोसेसरांपुरते आणि ठरावीक चिपसेटांपुरते उरले. पुढे ही मुभा ‘झेड’ मालिकेशी निगडित झाली. २०१७ मध्ये झेड २७० व झेड ३७० ह्यांचे सॉकेट एकाच नावाचे असूनही नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालू दिला गेला नाही. वीजपुरवठ्याच्या नव्या गरजांचे कारण त्यासाठी देण्यात आले. एएमडीने मे २०२० मध्ये ४०० मालिकेच्या बोर्डांना नवे प्रोसेसर मिळणार नाहीत असे प्रथम जाहीर केले, आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच महिन्यात तो निर्णय फिरविला. २०२२ मध्ये तर ३०० मालिकेलाही ती मुभा मिळाली. जे दोन वर्षांपूर्वी अशक्य म्हटले गेले ते शक्य झाले. ह्यावरून मर्यादा जितकी यंत्राची होती, तितकीच धोरणाची होती, हे उघड होते.

५

ह्या इतिहासावरून वऱ्हाडातील ग्राहकास काय घेता येईल? पहिली गोष्ट, चिपसेट निवडताना ‘वेग किती’ हा प्रश्न गैरलागू आहे. ‘परवानगी कशाची व किती वर्षांची’ हा प्रश्न योग्य आहे. इंटेलचा ‘के’ प्रोसेसर घेऊन त्याची गती वाढवावयाची असेल, तरच झेड ७९० अथवा २०२४ चा झेड ८९० ह्यांना अर्थ आहे. एएमडीकडे ही मुभा बी मालिकेतही मिळते; शिवाय एएम ५ हे सॉकेट किमान २०२७ पर्यंत चालू ठेवण्याचे आश्वासन कंपनीने दिलेले आहे. बोर्ड हा असा घटक आहे की तो बदलावयाचा म्हणजे सारा संगणक उकलावा लागतो. म्हणून पुढचा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसेल की नाही, ह्या प्रश्नाचे मोल मोठे आहे.

दुसरी गोष्ट हवामानाची. अकोल्याचा उन्हाळा देशातील अतितप्त उन्हाळ्यांपैकी एक. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. बोर्डांच्या परीक्षणांतील आकडे बहुधा पंचवीस अंशांच्या आसपासच्या खोलीत घेतलेले असतात. खोली चाळीस अंशांची झाली की बोर्डावरील प्रत्येक भागाचे तापमान साधारण तितकेच, म्हणजे सुमारे पंधरा अंशांनी चढते. ह्याचा खरा ताण चिपसेटवर नसून प्रोसेसरला वीज पुरविणाऱ्या व्होल्टेज रेग्युलेटरवर पडतो. तेव्हा एक्स ६७० चा हलका बोर्ड घेण्यापेक्षा जाड धातूच्या उष्णताशोषकांचा व सक्षम वीजमंडलाचा बी ६५० बोर्ड येथे अधिक हिताचा ठरतो. २०१९ च्या एक्स ५७० चिपसेटला सुमारे ११ वॅट लागत, म्हणून त्याच्या बहुतेक बोर्डांवर चिमुकला पंखा असे. असा जुना बोर्ड वापरलेल्या स्थितीत स्वस्तात मिळत असेल, तर धूळ खाल्लेल्या त्या पंख्याची तपासणी आधी करावी. २०२१ मध्ये आलेल्या एक्स ५७० एस बोर्डांवर हा पंखा नाही.

तिसरी गोष्ट पैशाच्या वाटपाची. वरच्या चिपसेटसाठी द्यावयाचे हजारो रुपये चित्रकार्डाकडे वळविले, तर खेळात त्याचे फळ प्रत्यक्ष दिसते. चिपसेटकडे वळविले, तर ते रिकाम्या फलाटांच्या रूपाने पडून राहते. ज्याला चार-पाच वेगवान डिस्का जोडावयाच्या आहेत, त्याला हे फलाट अवश्य हवेत, इतरांना नकोत.

सारांश, ‘चिपसेट’ हा शब्द संचाचा वाचक होता, मग एका चिपचा झाला, आणि आज तो पुष्कळ अंशी एका श्रेणीचा वाचक आहे. शब्द टिकला म्हणून त्याची जुनी प्रतिष्ठाही टिकली. शब्दाच्या प्रतिष्ठेला किंमत मोजावयाची की वस्तूच्या उपयोगाला, हे ग्राहकाने बोर्ड घेण्यापूर्वीच ठरवावयास हवे.