बाटली पुसू नका, निथळू द्या : बाळाच्या बाटलीची दीडशे वर्षं

(भागाचा लिखित मसुदा. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, आमचं अजून लग्नसुद्धा झालेलं नाही, आम्हाला काय सांगतोयस? पण थांबा. आज आपण बोलणार आहोत दुधाच्या बाटल्या सुकवायच्या स्टँडबद्दल. तेच ते, ऑनलाइन शोधलं की हिरव्या गवतासारखं नाहीतर झाडाच्या फांद्यांसारखं दिसतं ते. साधी प्लॅस्टिकची वस्तू, पण तिच्यामागे बराच मोठा आणि जरा भयंकर इतिहास आहे.

सुरुवात करू व्हिक्टोरियन इंग्लंडपासून. १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅटने रबरी निपलचं पेटंट घेतलं. नंतर रबर स्वस्त झालं आणि बाजारात एक नवीन डिझाइन आलं : काचेची चपटी बाटली, तिला लांब रबरी नळी आणि नळीच्या टोकाला निपल. बाटली बाळाशेजारी ठेवायची, नळी तोंडात द्यायची. बाळ आपलं आपण पितं, आई कामाला मोकळी. आजच्या भाषेत 'हँड्स-फ्री'. 'अलेक्झांड्रा', 'लिटल चेरब' अशी गोड नावं आणि तुफान खप.

अडचण एकच होती. त्या नळीच्या आत ब्रश जात नव्हता. दूध आत चिकटून राहायचं, ओलावा कधीच जायचा नाही, आणि ऊब तर होतीच. जंतूंना यापेक्षा चांगलं घर कुठे मिळणार? त्यात इझाबेला बीटनबाईंचं घरकामावरचं प्रसिद्ध पुस्तक १८६१ मध्ये आलं. लेखिका तेव्हा पंचविशीत होत्या, म्हणजे आपल्याच वयाच्या. त्यांचा सल्ला काय? निपल एकदा नीट बसवलं की बदलेपर्यंत काढायची गरज नाही, आणि पंधरा दिवसांतून एकदा बदललं तरी चालेल! त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, जंतूंमुळे रोग होतात ही गोष्ट तेव्हा सिद्धच व्हायची होती. पण बाळं जुलाबांनी दगावत होती. पुढे लोक या बाटलीला 'खुनी बाटली' म्हणू लागले. डॉक्टर विरोध करत राहिले, तरी विक्री थांबेना. शेवटी फ्रान्सने १९१० मध्ये कायदा करून नळीवाल्या बाटलीच्या विक्रीवर बंदी घातली.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे मला यात ओळखीची गोष्ट दिसते. वापरायला सोपं, दिसायला छान, पण मेंटेनन्सचा विचार शून्य. जिथे हात पोचत नाही तिथेच बग राहतो.

आता हे सुधारलं कसं? केमिकल किंवा केमिस्ट्रीवाल्यांनी लॅबमध्ये 'सॉक्सलेट एक्स्ट्रॅक्टर' पाहिला असेल. तोच फ्रान्झ फॉन सॉक्सलेट. त्याने १८८६ मध्ये बाळाचं दूध घरी निर्जंतुक करायची पद्धत मांडली. एक फीड, एक छोटी बाटली. दिवसभराच्या सगळ्या बाटल्या एका स्टँडमध्ये उभ्या करायच्या आणि स्टँडसकट उकळत्या पाण्याच्या भांड्यात सोडायच्या. म्हणजे बाळाच्या बाटल्यांचं स्टँड आलं ते निर्जंतुकीकरणासाठी, ओटा नीटनेटका दिसावा म्हणून नाही. १८९४ मध्ये फ्रान्समधल्या फेकां गावी डॉ. लेओन द्युफूर यांनी 'गूत द ले', म्हणजे 'दुधाचा थेंब' नावाचं केंद्र सुरू केलं. तिथे आयांना दिवसभराच्या निर्जंतुक बाटल्या टोपलीत घालून मिळायच्या, रिकाम्या बाटल्या परत जायच्या, बाळाचं वजनही होत असे. साधारण याच काळात दोन्ही टोकांना उघडी, नावेच्या आकाराची बाटली इंग्लंडात आली. नळाखाली धरली की पाणी आरपार! बाटली साफ करता आली पाहिजे, हा विचार डिझाइनमध्येच आला.

पण धुतल्यानंतरचं काय? इथे गोष्ट फिनलंडला जाते. १९४० च्या दशकात मायजू गेबहार्ड या बाईंनी हिशोब मांडला की गृहिणीचं आयुष्य किती तास भांडी घासण्या-पुसण्यात जातं. त्यांनी सिंकच्या वर एक कपाट बसवलं, ज्याच्या फळ्यांना तळ नाही, नुसत्या तारा. भांडी धुवा, वर ठेवा, पाणी खाली सिंकमध्ये. पुसायचं कामच बाद! आजही फिनलंडच्या घरोघरी ते कपाट असतं. आपल्याला यात फार नवल वाटायला नको म्हणा. आजीच्या स्वयंपाकघरात ताटाळं असायचंच, ताटं उभी निथळत ठेवायला.

आता मुद्द्याचा प्रश्न : पुसलं तर बिघडतं कुठे? फडकं बिघडवतं. दिवसभर ज्या फडक्याला हात पुसले, त्याच्यावरचे जंतू धुतलेल्या बाटलीत जातात. म्हणून अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्थाही सांगते की फडक्याने घासू-टिपू नका, हवेवर पूर्ण सुकू द्या. आणि बाटली सपाट ओट्यावर उपडी ठेवली तर दमट हवा आतच अडकते. स्टँड तिला उचलून धरतं, खालून हवा जाते, पाणी ट्रेमध्ये पडतं. स्टँडचं काम एवढंच.

म्हणून विकत घेताना हे बघा :

एक, सगळे भाग सुटे होतात का? ट्रे निघत नसेल तर ती 'नळीवाली बाटली'च समजा. दोन, गवताच्या किंवा खुंट्यांच्या मुळाशी ब्रश पोचतो का? तिथेच बुळबुळीत थर धरतो. तीन, जागा पुरेल का? एक बाटली सुटी केली की बाटली, निपल, रिंग, झाकण असे चार तुकडे होतात, काहींना व्हॉल्व्हही असतो. चार बाटल्या म्हणजे किमान सोळा तुकडे. ते एकमेकांवर रचले तर सुकणार नाहीत. रंग आणि डिझाइन सगळ्यात शेवटी.

वापरताना : बाटली पूर्ण सुटी करा, सिंकमध्ये न टाकता वेगळ्या टबात साबण आणि गरम पाण्याने धुवा. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान, कमी दिवसांचं किंवा नाजूक असेल तर रोज पाच मिनिटं उकळा. मग स्टँडवर ठेवा, सिंकचे शिंतोडे उडणार नाहीत अशा जागी. पावसाळ्यात मुंबई-कोकणात सुकायला वेळ लागतो, तेव्हा घाई नको. खडखडीत सुकल्यावरच झाकणाच्या डब्यात. ट्रेमधलं पाणी रोज ओता आणि स्टँड, टब, ब्रश हेही दर थोड्या दिवसांनी धुवा. स्टँड कधीच धुतलं नाही, तर आपण पुन्हा १८६१ मध्ये.

एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी आहे, कारण आईच्या दुधाला तोड नाही. वरचं दूध द्यावंच लागलं तर आपले डॉक्टर बहुतेकदा वाटी-चमचाच सांगतात, आणि आपलं जुनं बोंडलं तर होतंच. या सगळ्यांत समान काय? उघडं भांडं, कोपरे नाहीत, हात सगळीकडे पोचतो. तरीही नोकरीमुळे, आजारपणामुळे कित्येक घरांत बाटली लागते. त्या आईला अपराधी वाटायला लावण्यापेक्षा, रात्री अकरा वाजता सिंकपाशी उभं राहून बाटल्या धुणारे दोन हात आणखी मिळाले तर जास्त उपयोग होईल. बाबा लोकहो, मामा-काका लोकहो, हे तुमच्यासाठी.

ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांना हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!