त्रेत्याक बाकावर बसला तेव्हा चाळीस मिनिटं उरली होती

बर्फावरच्या हॉकीत बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो, कितीही वेळा. गोलरक्षकसुद्धा. हा नियम ध्यानात ठेवला नाही, तर २२ फेब्रुवारी १९८० चा सामना नीट समजत नाही. त्या दिवशी अमेरिकेतल्या लेक प्लॅसिड गावी, हिवाळी ऑलिंपिकमध्ये, जगातला सर्वांत बलाढ्य संघ कॉलेजच्या पोरांकडून ४-३ असा हरला. तेव्हापासून वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहे: सोव्हिएत प्रशिक्षक विक्टर तिखोनोव यांनी व्लादिस्लाव त्रेत्याकला का काढलं? मला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. त्याला परत का आणलं नाही?

एक वर्ष आधी: ११ फेब्रुवारी १९७९, न्यूयॉर्क

उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधल्या निवडक ताऱ्यांविरुद्ध तीन सामन्यांची मालिका १-१ अशी बरोबरीत. निर्णायक सामन्यात तिखोनोव त्रेत्याकऐवजी व्लादिमिर मिश्किनला उभं करतात. सोव्हिएत संघ ६-० ने जिंकतो. मिश्किन एकही गोल होऊ देत नाही.

लेक प्लॅसिडचा निर्णय निव्वळ लहर नव्हता, तो यामुळे. दुसरा गोलरक्षक मोठ्या सामन्यात उभा राहू शकतो, याचा पुरावा प्रशिक्षकाच्या हाती होता.

तेरा दिवस आधी: ९ फेब्रुवारी १९८०, न्यूयॉर्क

ऑलिंपिकपूर्व सराव सामना. सोव्हिएत संघ १०, अमेरिका ३. एका बाजूला कागदावर सैनिक पण वर्षभर हॉकीच खेळणारे कसलेले व्यावसायिक, दुसऱ्या बाजूला विशी-बाविशीतले हौशी विद्यार्थी. सोव्हिएत संघाने १९६४ पासून चारही सुवर्णपदकं नेली आहेत. या निकालानंतर त्या ड्रेसिंग रूममध्ये अमेरिकेची चिंता कुणी करावी?

दोन दिवस आधी: २० फेब्रुवारी, लेक प्लॅसिड

जपानला १६-०, नेदरलँड्सला १७-४, पोलंडला ८-१ असं चिरडल्यावर संघ अडखळू लागला आहे. फिनलंडविरुद्ध पिछाडीवरून ४-२, आज कॅनडाविरुद्ध पुन्हा पिछाडीवरून ६-४. दोन्ही वेळा संघ सावरला. अडचणीत आल्यावर नेहमीचंच खेळत राहिलं की अखेर जिंकता येतं, हा धडा त्यातून पक्का झाला. पुढे घात केला तो याच धड्याने.

पलीकडे अमेरिकेचे प्रशिक्षक हर्ब ब्रूक्स यांच्यापुरता कोण खेळणार हा वाद संपला होता. जिम क्रेग हाच गोलरक्षक, प्रत्येक सामन्यात, प्रत्येक मिनिट. चार फळ्या आणि बर्फावर थोडाच वेळ थांबून बदली. १९६० साली अमेरिकेच्या संघातून ऐन वेळी वगळला गेलेला शेवटचा खेळाडू म्हणजे स्वतः ब्रूक्स. त्या संघाने सुवर्ण जिंकलं आणि ब्रूक्स यांनी ते घरी बसून पाहिलं. जागा मिळण्या-न मिळण्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळचे पाच

मॉस्कोत रात्रीचा एक. साठ मिनिटं, वीस-वीसची तीन सत्रं. सोव्हिएत गोलात त्रेत्याक, वय २७, दोन ऑलिंपिक सुवर्णं नावावर.

५० मिनिटं ४८ सेकंद शिल्लक

एकोणीस वर्षांचा व्लादिमिर क्रुतोव पकला, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीला, दिशा देतो. सोव्हिएत संघ १-०.

४५ मिनिटं ५७ सेकंद शिल्लक

बझ श्नायडरचा लांबून फटका. त्रेत्याकने अडवायलाच हवा होता. १-१.

४२ मिनिटं २६ सेकंद शिल्लक

सर्गेई माकारोव, २-१. सत्र संपत आलं आहे.

४० मिनिटं १ सेकंद शिल्लक

डेव्ह ख्रिश्चन जवळजवळ शंभर फुटांवरून पक भिरकावतो. त्रेत्याक तो अडवतो, पण पक उसळून समोरच पडतो. सत्र संपलंच असं धरून बचावपटू ढिले पडले आहेत. त्यांच्यामधून मार्क जॉन्सन घुसतो आणि गोल करतो. घड्याळात एक सेकंद. २-२.

सोव्हिएत खेळाडू ड्रेसिंग रूमकडे निघालेही आहेत. उरलेला सेकंद खेळण्यापुरते तीन जण परत बर्फावर येतात. गोलात आता मिश्किन आहे.

या गोलात चूक कुणाची? पक हातून सुटला त्रेत्याकच्या, आणि जॉन्सनला वाट दिली बचावफळीने. शिक्षा मात्र एकट्या गोलरक्षकाला. तिखोनोव संतापले होते, आणि संतापात माणूस जो सर्वांत ठळक दिसतो त्याच्यावर बोट ठेवतो. तरीही इथवर काहीच बिघडलेलं नाही. गुण बरोबरीत आहेत, चाळीस मिनिटं बाकी आहेत आणि त्रेत्याक बाकावर, हाकेच्या अंतरावर आहे.

३७ मिनिटं ४२ सेकंद शिल्लक

अमेरिकेचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर. अलेक्सांद्र माल्त्सेव गोल करतो, ३-२. या सत्रात सोव्हिएत संघ गोलावर १२ फटके मारतो, अमेरिका फक्त २. निर्णय अचूक होता, असंच वाटावं. पण मिश्किनची या सत्रात कसोटीच लागलेली नाही. थंड बर्फावर रिकामं उभं राहणं हा गोलरक्षकासाठी सराव नव्हे.

२० मिनिटं शिल्लक: दुसरं मध्यंतर

फेरविचाराची सर्वांत सोपी वेळ. राग उतरला आहे, आघाडी हाती आहे, आणि त्रेत्याकला परत उभं केलं तर त्याला कुणी माघार म्हणणार नाही. मिश्किनच पुन्हा बाहेर येतो.

११ मिनिटं २१ सेकंद शिल्लक

क्रुतोव शिक्षेमुळे बाहेर. ती शिक्षा संपता संपता जॉन्सनचा दुसरा गोल. ३-३. पहिल्या सत्रात बरोबरी झाली, तेव्हा गोलरक्षक बदलला होता. त्याच न्यायाने आत्ताही बदलायला हवा. बाकावर हालचाल नाही.

बरोबर १० मिनिटं शिल्लक

श्नायडर दमून बाहेर येतो आणि त्याच्या जागी कर्णधार माइक इरुझिओन बर्फावर उडी घेतो. जॉन हॅरिंग्टनकडून मार्क पावेलिचकडे, पावेलिचकडून इरुझिओनकडे. समोर सोव्हिएत बचावपटू वासिली पेर्वुखिन आडवा, त्यामुळे मिश्किनला पक दिसतच नाही. ४-३.

हा गोल बदलीतून झाला. ताज्या दमाचा माणूस नेमक्या क्षणी आत आला. ब्रूक्सनी सहा महिने जे घोटवून घेतलं, त्याचं फळ या एका फटक्यात मिळालं.

शेवटची मिनिटं

दहा मिनिटं हा या खेळात खूप मोठा वेळ आहे. सोव्हिएत संघ त्याआधी दोनदा अशा अवस्थेतून सुटला होता. पण आता फटके घाईघाईने, लांबून आणि दिशाहीन जाऊ लागतात. एक पक्का उपाय अजून शिल्लक आहे: गोलरक्षकाला बाहेर बोलवायचं आणि सहावा आक्रमक उतरवायचा. जगभरचे संघ तेच करतात. मिश्किन गोलातच उभा राहतो. बचावपटू सर्गेई स्तारिकोव यांनी पुढे सांगितलं की, हा डाव त्यांचा संघ सरावातसुद्धा खेळत नसे, कारण तिखोनोव यांचा त्यावर विश्वासच नव्हता.

शून्य

फटके: सोव्हिएत संघ ३९, अमेरिका १६. क्रेगने ३६ अडवले. दोन दिवसांनी अमेरिकेने फिनलंडला ४-२ हरवून सुवर्ण नक्की केलं. स्वीडनला ९-२ असं लोळवूनही सोव्हिएत संघाच्या वाट्याला रौप्य आलं.

त्यानंतर

त्रेत्याकला काढणं ही चूक होती, हे तिखोनोव यांनीच पुढे कबूल केलं. पण आकडे मिश्किनच्या बाजूने आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत. त्रेत्याकवर आठ फटके, दोन गोल. मिश्किनवरही आठ फटके, दोन गोल. बदली गोलरक्षक कमी पडला, असं म्हणणं त्या माणसावर अन्याय आहे. त्याच्याकडे सोपवलेली भूमिका त्याने पार पाडली. कमी पडली ती भूमिका वाटण्याची पद्धत.

त्रेत्याक १९८१ साली कॅनडा चषकाच्या अंतिम सामन्यात गोलात होता, सोव्हिएत संघ ८-१ ने जिंकला. १९८४ साली साराएव्होत त्याने तिसरं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. म्हणजे खेळाडू संपलेला नव्हता.

संघनिवडीवर वाद घालताना आपण पहिल्या निर्णयाचा कीस काढतो: याला का घेतलं, त्याला का बसवलं? पहिला निर्णय चुकणं क्षम्य आहे, तो अपुऱ्या माहितीवरच घ्यावा लागतो. पण लेक प्लॅसिडला माहिती मिनिटामिनिटाला येत होती, नियम परत फिरण्याची मुभा देत होता, आणि जगातला सर्वोत्तम गोलरक्षक काही फुटांवर बसला होता. ज्या संघात प्रशिक्षकाला कुणी प्रश्न विचारू शकत नाही, तिथे त्याच्या रागातून घेतलेला निर्णय सामना संपेपर्यंत टिकतो. सोव्हिएत संघात वीस जण होते. त्यांपैकी एकाला तरी दुसऱ्या मध्यंतरात ‘त्रेत्याकला परत आणा’ असं म्हणण्याचा अधिकार असायला हवा होता.